प्रोजेक्टर लावताय? पडद्याच्या आधी वीज बघा! शाळा, ग्रामसभा आणि मंडळांसाठी कामाची माहिती

२०१५ साली राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करायची लाट आली. कुठं लोकवर्गणी झाली, कुठं माजी विद्यार्थ्यांनी हातभार लावला, कुठं ग्रामपंचायतीनं पैसे दिले. वर्गावर्गात प्रोजेक्टर आले. त्यातले काही आजही रोज चालतात. काही मात्र कपाटात धूळ खात पडलेत. विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, “दिवा गेला.”

दिवा असाच जात नाही. म्हातारा होऊन बंद पडणारे प्रोजेक्टर गावाकडं कमीच. विजेचा झटका, धूळ आणि बंद करताना केलेली घाई, या तिघांनी मेलेले जास्त. आणि प्रोजेक्टरच्या कार्यक्रमात माणसाला धोका होतो तो बहुतेक वेळा यंत्रापासून नाही, तर त्याला वीज पुरवणाऱ्या वायरीपासून. म्हणून ही माहिती पडद्यापासून नव्हे, विजेच्या बोर्डापासून सुरू केली आहे.

आधी बोर्ड, अर्थिंग आणि वायर

प्रोजेक्टरच्या वायरीला तीन पिना असतात. वरची जाड पिन अर्थिंगची. ती बोर्डात बसत नाही म्हणून कापून टाकणारे किंवा टू-पिनचा जोड लावणारे महाभाग अजून आहेत. तसं केल्यावरही प्रोजेक्टर चालतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण आत वायर सुटून बॉडीला लागली, तर अर्थिंग नसल्यामुळं तो करंट हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातो. लॅपटॉपच्या किंवा स्पीकरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ती सूचनाच समजा. तिथं कार्यक्रम पुढं रेटायचा नाही, वायरमनला बोलवायचं.

शाळेला अर्थिंग आहे म्हणजे ते चालू आहे असं नाही. बोर्डाला हिरवी वायर दिसते, पण तिचं दुसरं टोक खड्ड्यातल्या प्लेटपर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की चांगलं अर्थिंगसुद्धा कमजोर होतं. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहायचं, ही जुन्या वायरमनची सवय बरोबरच होती. तपासणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्या, टेस्टर लावून अंदाज बांधू नका.

बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. काही वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात. करंट भलत्या वाटेनं, म्हणजे माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून, जायला लागला की हा स्विच क्षणात पडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही, तो वायर जळू नये म्हणून असतो. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून स्विच पडतो का बघायचं.

आता व्होल्टेज. बऱ्याच प्रोजेक्टरच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी मोटारी सुरू होऊन व्होल्टेज उतरलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. खरा वैरी वेगळा आहे. डीपीवर किंवा लाईनवर न्यूट्रल तुटला, की २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास वीज घरात शिरू शकते. गावात एकाच रात्री दहा घरांतले टीव्ही आणि पंखे जळतात ते याच कारणानं. अशा वेळी जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारं हाय-लो कट-ऑफ कामाला येतं. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या तर नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग काढायचा, आणि डिशची किंवा केबलची वायर जोडलेली असेल तर तीही काढायची.

जोडणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्यातली केबल जोडा, मग दोघांना वीज द्या. अर्थिंग कच्चं असताना चालू यंत्रात केबल खुपसली, की ठिणगी उडून पोर्ट जळू शकतो. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, आणि त्या बोर्डाला तीन पिना आहेत का ते बघा. स्वस्तातल्या बोर्डांना भोकं तीन आणि आत वायरी दोनच असतात.

कुठं ठेवायचा, किती लांब

साध्या प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या साधारण दीडपट ते दुप्पट अंतर लागतं. सहा फूट रुंद चित्र हवं असेल तर नऊ ते बारा फूट लांब ठेवायचा. शॉर्ट थ्रो नावाचा प्रकार तीन फुटांवरूनच तेवढं चित्र पाडतो. छोट्या वर्गाला तो सोयीचा. शिवाय शिकवणाऱ्याच्या डोळ्यावर उजेड येत नाही आणि फळ्यावर सावलीही कमी पडते.

चित्र जितकं मोठं तितकं ते फिकं होणार. हिशेब खताच्या पोत्यासारखा आहे. एका एकरात विस्कटलेलं पोतं चार एकरात विस्कटलं तर प्रत्येक एकराला पावच येणार. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं आणि उजेड पाव राहतो. ग्रामसभेत मागच्यांना दिसावं म्हणून चित्र भिंतभर करतात, मग कुणालाच आकडे वाचता येत नाहीत. त्यापेक्षा चित्र आटोपशीर ठेवा, खिडक्यांना गडद पडदे लावा आणि पडद्याजवळची ट्यूब बंद करा. मागची चालू राहिली तरी चालते.

पडदा नसेल तर चुना किंवा पांढरा डिस्टेंपर लावलेली भिंत उत्तम. ऑइलपेंट चकाकतो, तो नको. चादर लावायची तर वर आणि खाली बांबू शिवून ताणून बांधा आणि मागं काळं कापड टाका, नाहीतर निम्मा उजेड पलीकडं निघून जातो.

प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ आणि सपाट हवा. खाली पुस्तकं खुपसून नाक वर केलं की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद पडतं. ते सरळ करायला ‘कीस्टोन’ची सोय असते, पण ती वापरली की चित्राची धार थोडी जाते. म्हणून आधी टेबल उंच करा, उरलेलं कीस्टोननं भागवा. त्यानंतर झूम आणि शेवटी फोकस. फोकस करताना पडद्यावर फोटो नको, अक्षरं ठेवा. अक्षरावर चूक लगेच कळते.

चारी बाजूंनी फूटभर जागा मोकळी सोडा. हवा जिथून आत जाते आणि जिथून गरम होऊन बाहेर येते, तिथं वही, पिशवी, पडदा काही टेकलेलं नको. गादीवर किंवा उशीवर ठेवला तर खालची जाळी बंद होते. बहुतेक प्रोजेक्टर ३५ ते ४० अंश तापमानापर्यंत चालण्यासाठी बनवलेले असतात. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात छताजवळ त्याहून जास्त उष्णता असते, आणि टांगलेला प्रोजेक्टर तर तिथंच असतो. अशा खोलीत तो टांगण्यापेक्षा टेबलावर ठेवा, आणि उन्हाळ्यात सकाळच्या तासालाच वापरा.

छताला लावायचाच असेल तर स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारून लोखंडी स्टँड बसवा. शिवाय एक जादा साखळी किंवा तारेचा दोर बांधा. स्टँड निसटला तरी यंत्र मुलांच्या डोक्यावर पडणार नाही. पंख्याच्या हुकाला किंवा पत्र्याच्या अँगलला तारेनं बांधणं म्हणजे संकटाला आमंत्रण. उलटा टांगल्यावर चित्रही उलटं दिसतं, त्यानं घाबरू नका. मेनूमध्ये ‘सीलिंग’ निवडलं की सरळ होतं. चोरीच्या भीतीनं पेटी करणार असाल तर ती जाळीची करा.

मोबाईल, लॅपटॉप जोडताना

एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जातं, आवाजाची वायर वेगळी जोडावी लागते. चित्र गुलाबी किंवा पिवळं पडलं तर बऱ्याचदा त्या व्हीजीएची एखादी पिन वाकलेली असते.

‘नो सिग्नल’ आलं की आधी रिमोटवरचं ‘सोर्स’ बटण दाबून बरोबर पोर्ट निवडलाय का बघा. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकदम दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

मोबाईलच्या बाबतीत फसगत फार होते. दुकानदार टाइप-सी ते एचडीएमआय केबल देतो, पण ती चालायला मोबाईलमध्येच तशी सोय लागते आणि कमी किमतीच्या बऱ्याच मोबाईलमध्ये ती नसते. आपल्या मोबाईलला लावून बघितल्याशिवाय केबल विकत घेऊ नका. दुसरा रस्ता बिनवायरीचा. मोबाईलमधलं ‘कास्ट’, ‘स्मार्ट व्ह्यू’ किंवा ‘स्क्रीन मिररिंग’ वापरून चित्र पाठवता येतं, पण प्रोजेक्टरमध्ये वायफाय हवं किंवा त्याच्या एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावलेली हवी. रेंजचा भरवसा नसेल तिथं व्हिडिओ आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवावा. गाव जमल्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसायला नको. आणि मोबाईल जोडण्याआधी नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर ग्रामसभेपुढं कुणाचा कुठला मेसेज उघडेल सांगता येत नाही.

चालू करणं सोपं, बंद करणं शिकायला हवं

ज्या प्रोजेक्टरमध्ये दिवा असतो, तो दिवा म्हणजे घरातला बल्ब नव्हे. काचेच्या छोट्या कुपीत पारा असतो आणि पेटल्यावर आत प्रचंड दाब आणि उष्णता तयार होते. पंखा सतत वारा घालतो म्हणून ती काच तग धरते. कार्यक्रम संपला की बटण दोनदा दाबायचं. दिवा विझतो, पण पंखा आणखी मिनिटभर, कधी दोन मिनिटं फिरत राहतो. तो थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही. गावाकडं मात्र लोक उठले की कुणीतरी मेन स्विचच पाडतो. पंखा थांबतो, उष्णता आतच कोंडते आणि दिव्याचं आयुष्य कमी होतं. थेट प्लग काढला तरी चालेल असे काही नवे प्रोजेक्टर आहेत, पण माहितीपुस्तकात तसं लिहिलेलं असेल तरच.

मग अचानक लाईट गेली तर? नेमकं हेच आपल्याकडं रोज होतं. यावर उपाय म्हणजे यूपीएस. दिव्याचा प्रोजेक्टर साधारण २५० ते ३५० वॅट खातो. एक केव्हीएचा यूपीएस त्याला काही मिनिटं आरामात सांभाळतो. इथं समजून घ्यायची गोष्ट अशी की हा यूपीएस सिनेमा पुढं चालू ठेवण्यासाठी नाही, पंखा चालवून दिवा थंड करण्यासाठी आहे. टूंटूं वाजायला लागलं की लगेच रिमोटनं बंद करायचं. नवा दिवा काही हजारांचा येतो, म्हणजे यूपीएसचा खर्च एका दिव्यातच वसूल होतो.

यूपीएस नसेल आणि लाईट गेली तर हलवाहलव करू नका, आहे तिथंच राहू द्या. लाईट आल्या आल्या पुन्हा चालू करायची घाईही नको, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. तापलेला दिवा तसाही लगेच पेटत नाही, आणि लोक बटण दाबदाबून बेजार करतात.

मध्येच चित्र बंद ठेवायचं असेल तर लेन्ससमोर पुस्तक किंवा हात धरू नका. ती वस्तू तापते, प्लास्टिक असेल तर वितळते. रिमोटवर ‘ब्लँक’ किंवा ‘म्यूट’चं बटण याच कामासाठी दिलंय.

लेन्समध्ये डोळे घालून बघू नये हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. दिवा असो की लेझर, तो झोत डोळ्याला इजा करू शकतो. पहिली रांग प्रोजेक्टरच्या मागं किंवा बाजूला बसवा. शिकवणाऱ्यानंही झोतात उभं राहून वर्गाकडं तोंड करू नये.

धूळ, दिवा आणि सुट्टी

खळ्याचे दिवस, कच्चा रस्ता, खडूची भुकटी. आपल्याकडच्या धुळीपुढं प्रोजेक्टरचा फिल्टर लवकर हार मानतो. तो महिन्यातून एकदा काढून हलक्या ब्रशनं झटकावा. वापर जास्त असेल तर पंधरा दिवसांनी. त्याआधी प्लग काढलेला आणि यंत्र थंड झालेलं हवं. ओला फिल्टर आत बसवायचा नाही. लेन्स चष्म्याच्या कापडानं पुसा, शर्टाच्या टोकानं नको. ‘टेंप’चा दिवा लाल झाला तर यंत्र तापलंय. बहुतेकदा कारण फिल्टरच असतं.

दिवा साधारण तीन ते पाच हजार तास चालतो, ‘इको’वर ठेवला तर आणखी जास्त. किती तास झाले ते मेनूमध्ये दिसतं. शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत खरेदीची तारीख असतेच, तिथंच दर सत्राला हे तास लिहून ठेवले तर नव्या दिव्याची तरतूद वेळेत करता येते. मुदत संपलेला दिवा ओढून ताणून चालवू नका, तो फुटण्याची शक्यता वाढते. बदलताना प्लग काढून किमान तासभर थांबा आणि नव्या दिव्याच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तिथं तापून काच कमजोर करतं.

आत ‘फट्’ असा मोठा आवाज होऊन चित्र गेलं, तर दिवा फुटलाय असं समजा. मेन बंद करा, मुलांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा आणि अर्धा तास आत जाऊ नका. पाऱ्याची वाफ छातीत जायला नको. काचा हातानं गोळा करू नका, यंत्र हलवून त्या खाली सांडू नका. पुढचं काम सर्व्हिस सेंटरचं. जुना दिवा उकिरड्यावर टाकायचा नसतो, तो ई-कचऱ्यात द्यायचा.

नवीन घेणाऱ्यांनी एलईडी किंवा लेझरचा विचार जरूर करावा. त्यात पाऱ्याचा दिवा नसतो आणि २० हजार तासांच्या आसपास आयुष्य सांगतात. किंमत जास्त, पण लाईटीचा खेळ चालणाऱ्या गावात तो सौदा महाग पडत नाही. उजेडाचा आकडा बघताना ‘एएनएसआय’ लुमेन विचारा. वर्गाला तीन हजार तरी हवेत. ऑनलाइन दोन-तीन हजार रुपयांत मिळणाऱ्या मिनी प्रोजेक्टरवर छापलेले मोठमोठे आकडे या मापात मोजलेले नसतात. अंधाऱ्या खोलीत घरी बघायला ते ठीक, शाळेसाठी नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत रिमोटचे सेल काढा, यंत्र कापडी पिशवीत घालून कोरड्या कपाटात ठेवा आणि केबली उंदरांपासून सांभाळा. पावसाळ्यात वापर नसला तरी महिन्यातून अर्धा तास चालवा, आतला दमटपणा निघून जातो. निवडणुकीत शाळेत मतदान केंद्र असतं आणि टेबलं-बाकडी हलतात. त्याआधी प्रोजेक्टर आठवणीनं उचलून ठेवा.

मांडवात, उघड्यावर

गणपतीत किंवा सामन्याच्या रात्री चौकात मोठा पडदा लावायचा असेल तर धोका सगळ्यात जास्त. पाऊस, ओली माती, गर्दी आणि तात्पुरती वायर, सगळं एकत्र येतं. आकडा टाकून वीज घेऊ नका. तो गुन्हा तर आहेच, पण त्यात ना अर्थिंग असतं ना फ्यूज, आणि ओल्या खांबाला टेकलेला पोरगा जागेवर जातो. मंडळांना महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्या. वायर अखंड असावी. टेपनं गुंडाळलेले जोड सतरंजीखालून नेऊ नका, वायर कडेनं आणि उंचावरून न्या. लोखंडी खांब व पत्र्यापासून ती लांब राहू द्या.

जनरेटर असेल तर तो आधी सुरू करून स्थिर होऊ द्या, मग प्रोजेक्टर लावा. बंद करताना उलटं. प्रोजेक्टरचा पंखा थांबल्यावरच जनरेटर बंद करायचा. पेट्रोल संपून तो मध्येच गचकला तर दिव्याचं तेच होतं जे लाईट गेल्यावर होतं. जनरेटर बंद खोलीत किंवा मांडवाच्या आडोशाला ठेवू नका, त्याचा धूर वास न येताही माणूस मारतो.

पावसाचे थेंब आले की ताडपत्री थेट प्रोजेक्टरवर टाकतात, ते चूक. चालू असताना झाकला तर तो तापतो. आधीच वर छप्पर करा, नाहीतर बंद करून आत न्या. उजेडाला येणारे किडे पंख्यातून आत ओढले जातात. प्रोजेक्टरपासून लांब एखादा झगझगीत दिवा लावून ठेवला तर बरेचसे तिकडं जातात. सिनेमा किंवा सामना सार्वजनिक ठिकाणी दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते, आणि रात्री दहानंतर लाऊडस्पीकरचे नियम आहेतच.

कुणाला शॉक बसलाच तर त्याला हात लावून ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या बांबूनं किंवा लाकडानं वायर बाजूला सारा, पायाखाली कोरडी फळी किंवा पायात रबरी चप्पल ठेवून. पण तुटलेली वायर खांबावरच्या मोठ्या लाईनीची असेल तर बांबूचाही भरवसा नाही. जवळ जाऊ नका, वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लोकांना लांब ठेवा. सुटका झाल्यावर श्वास बघा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरानं आणि भरभर दाब द्यायला सुरुवात करा, आणि दुसऱ्यानं १०८ वर फोन करावा. माणूस उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्या, करंटचा परिणाम हृदयावर नंतरही दिसू शकतो. तुटलेली वायर किंवा खांबात उतरलेला करंट दिसला तर महावितरणचा १९१२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.